न धुतलेलं हिरवं पातळ

मुलगा कामावरून येताना इथं जालन्यात मस्तगडच्या कोपऱ्यावरून हुरडा घेऊन येतो. पौष लागला की हे ठरलेलंच. गरम पुडा माझ्यापुढं ठेवतो आणि म्हणतो, "आई, खाय जल्दी, गार होऊन राह्यला." मी पुडा सुनेकडं सरकवते. सुनेला वाटतं, सासूबाईंच्या दातांचं काही दुखणं असेल. दात माझे चांगले शाबूत आहेत, बाई. अजून ऊस सोलून खाते. हुरडा तेवढा मला चालत नाही. का चालत नाही ते या घरात कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसतील. एका गायीवरून कुणी एवढी वर्षं रुसून बसतं का, म्हणतील. बसतं. मी बसले आहे.

खरं तर हुरड्याचे दिवस म्हणजे आमच्याकडचे सुखाचे दिवस. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, कणसात दाणा भरतो पण अजून कोवळा असतो, हाताला हिरवा वास सोडतो. सकाळी डोक्यावरून शाल घेऊन रानात जायचं. बांधाच्या कडेला खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवायच्या, त्या विस्तवात कणसं खुपसायची, भाजलेलं कणीस तळहातावर चोळायचं आणि फुंकर घालून कोंडा उडवायचा. हात काळे, ओठ काळे. सोबत कारळाची चटणी, गुळाचा खडा आणि तांब्याभर ताक. इथं शहरात कढईत परतून देतात, त्याला धूर म्हणून लागत नाही. तरी पुडा उघडला की माझ्या नाकात धूर येतोच. तो बारकीच्या गोवऱ्यांचा धूर असतो.

बारकी म्हणजे माझी गाय. लग्नात बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला दिलेली. मी परतूरची, आणि दिलं मला पार पिंपळगाव रेणुकाईच्या पलीकडच्या एका गावात. एवढ्या लांब कालवड न्यायची कशी? बापूंनी भुसार उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवाल्याला गाठलं आणि तिला त्यात चढवून दिलं. ट्रकातून उतरली तेव्हा अंगणात जमलेले लोक हसायलाच लागले. तांबूस रंगाची, अंगानं लहानखुरी, माझ्या कंबरेला लागेल एवढी. कुणीतरी विचारलं, "नवरीबाई, गाय आणली का शेळी?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मात्र अंगणाच्या मधोमध उभं राहून निवांत शेण टाकलं, आणि मला तेव्हाच ती आवडली.

आमच्या भागात घरामागं बांधलेल्या गायी अशाच असायच्या. बारक्या, गावरान, फार न खाणाऱ्या. बैल पुरुषांचे आणि गाय बायकांची, अशी न बोलता झालेली वाटणी. बैलांना पोळा होता, झुली होत्या, शिंगांना रंग होता. गायीला दिवाळीच्या तोंडावर एक संध्याकाळ. पण रोजचा सगळा जीव बाईचा तिच्यातच गुंतलेला. निंदणीहून येताना डोक्यावर गवताचा भारा तिच्यासाठी, भाजीची देठं तिच्यासाठी, भिजवलेली सरकी तिच्यासाठी. एका बाईला एकटीनं सांभाळता येईल एवढीच गाय बरी, असं आमच्या बायका म्हणायच्या. मोठी झाली की तिच्याकडं पुरुषांचं लक्ष जातं.

आणि गायीमुळं बाईला दार यायचं. हे शहरात कुणाला समजवायला गेलं तर जमत नाही. ताक आमच्याकडं कधी विकत नसत. घुसळण झाली की शेजारपाजारच्या बायका तांब्या घेऊन दाराशी येत आणि जिची गाय तिच्या नावानं हाक मारत. मी या घरात आल्यापासून मला सगळे "धाकली" म्हणायचे. थोरल्या जाऊबाई म्हणजे आक्का, आणि मी धाकली. माझं सुमन हे नाव त्या गावात पहिल्यांदा ऐकू आलं ते ताकवाल्या बायकांच्या तोंडून. "सुमनबाई, ताक हाय का वं?" मी पदर खोचून बाहेर यायची. राणीच वाटायचं मला, खोटं कशाला बोलू!

बारकी पहिल्यांदा व्याली ती हुरड्याच्या दिवसांत. कालवड झाली. खरवस साऱ्या आळीत वाटला. दूध फार नव्हतं, पण असं दाट की बोटाला चिकटावं. आणि पान्हा सोडायची ती फक्त मला. आमच्या यांनी एकदा हात लावून पाहिला तर चरवी एकीकडं आणि हे एकीकडं. मी जवळ बसायची, तिच्या पोटाला डोकं टेकवायची आणि हळूच म्हणायची, "सोड गं माय, सोड." की तिची कास मऊ व्हायची आणि धार लागायची. हे शब्द मला कुणी शिकवले नव्हते. तिच्या-माझ्यात आपोआप झाले होते.

तेव्हा मला सातवा महिना. बाळंतपणाला परतूरला जायचं ठरलेलं. मग बारकीची धार काढणार कोण? आमच्याकडं अशा वेळी एक रीत आहे. जिच्या हाताला गाय लागलेली असते तिनं आपलं नेसतं पातळ दुसरीला द्यायचं. न धुता. गाय वासाची असते, तिला चेहरा कळत नाही, अंगाचा वास कळतो. काही दिवस दोघींनी मिळून बसायचं, एकीच्या हातावर दुसरीचा हात, आणि हळूहळू पहिलीनं हात काढून घ्यायचा.

मी माझं हिरवं पातळ दिलं. काठाला पिवळी रेघ होती, बापूंनी राखी पौर्णिमेला घेतलेलं. आठवडाभर मुद्दाम अंगावरून उतरवलं नव्हतं. आक्का ते नेसून माझ्याशेजारी बसली. तिच्या हातावर माझा हात. तिचे हात खरबरीत होते, माझ्यापेक्षा ताकदीचे.

"सुमे, ती लाथ तर न्हाई मारणार ना?"

"न्हाई वं आक्का. बोला तिच्याशी."

"काय बोलू मी गायीशी?"

मग मी तेही सांगितलं. "सोड गं माय, सोड, म्हणा. हळू म्हणा. पोटाला डोकं लावून म्हणा." आक्कानं म्हटलं. पहिल्यांदा तिला हसू आलं, मग नाही आलं. धार लागली तेव्हा ती एवढी हरखली की चरवीकडं बघायचं सोडून माझ्याकडंच बघत राहिली. आक्काच्या माहेरून काही आलेलं नव्हतं. तिच्या नावानं कुणी दारात कधी हाक मारली नव्हती. हे मला तेव्हा दिसलं होतं, आणि मला तिची दयाच आली होती. दया! बघा, बाईमाणसाची अक्कल कशी चरायला जाते ती. निघताना मी तिच्या पाया पडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "बिलकुल काळजी करू नको. तू आलीस की तुझी गाय तुझ्या हातात." गाडीत बसले तेव्हा बारकी गोठ्यातून हंबरली आणि मला रडू फुटलं. मला न्यायला आलेली आई म्हणाली, लोक नवऱ्यासाठी रडतात, ही गायीसाठी रडून राह्यली.

परतूरला मी बाळंत झाले. मुलगा झाला, आज हुरडा आणतो तोच. मी न्हाणीत, शेक-शेगडीत, ओव्या-शेपाच्या धुरात. छातीला बाळ लागलं की मला बारकीची आठवण यायची. पान्हा म्हणजे काय ते मला आधी तिनं शिकवलं होतं.

परतले तेव्हा ऊन तापलेलं. बाळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि पायही न धुता गोठ्यात गेले. गळ्याला मिठी मारायला वाकले तर बारकीनं नाकानं फुस्स केलं आणि मागं सरकली. धारेला बसले तर लाथ. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाथ. आक्का दारात उभी. "तुझ्या अंगाला धुराचा अन् बाळाचा वास हाय. होईल हळूहळू. तवर मी काढते ना." मला पटलं. का नाही पटणार? मी म्हटलं, "मंग माझं पातळ तरी द्या. तेच नेसून बसते."

"अगं, किती मळलंय ते. धुऊन देते."

आठ-पंधरा दिवसांनी मी पुन्हा मागायची, ती पुन्हा म्हणायची, धुऊन देते. आणि रोज सकाळी तेच पातळ नेसून गोठ्यात जायची. तिनं ते कधी धुतलं नाही. न धुता कधी दिलंही नाही. मला वाटायचं, कामात विसरत असेल. बाळ रात्रभर जागवायचं, मला कशाचंच भान नव्हतं. सकाळी ताकाच्या बायका यायच्या आणि सवयीनं मला हाक मारायच्या, मग आक्का बाहेर यायची. पावसाळा सरेपर्यंत त्यांचीही सवय बदलली. "आक्का, ताक हाय का वं?" मी आत बाळाला पाजत बसलेली असायची आणि ती हाक माझ्या कानात शिरायची.

वर्ष फिरून पुन्हा हुरडा आला. त्याच दिवसांत भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या. भांडण नव्हतं, घर लहान पडत होतं एवढंच. जमीन, बैल, भांडी, सगळं मामंजींनी शांतपणे लावून दिलं. बारकीचा मी विचारही केला नव्हता. माझ्या बापाची गाय, तिची काय वाटणी? तर आक्का म्हणाली, "माहेरची असंल. पन वरीसभर शेण मी काढलं, कडबा मी घातला, व्यायलेलीचं सारं मी बघितलं. आता ती माझ्या हाताला लागली. तिला इचारा पाहिजे तर."

मी ताडकन उठले. "इचारा! बराबर हाय. इचारा तिलाच!"

आता वाटतं, जीभ झडली कशी नाही माझी. पण मला खात्री होती हो. लाथा मारत असेल, पण अंगणात मोकळी सोडली आणि मी हाक मारली तर ती आल्याशिवाय राहील? ट्रकातून उतरली तेव्हापासून माझ्यामागं शेळीसारखी फिरलेली ती. मामंजींना भांडण मिटल्याशी मतलब. ते म्हणाले, "सोडा गायीला. ज्याच्याकडं जाईल त्याची. मंग कुणी कुरकुर करायची न्हाई."

हुरड्याला पाहुणे आलेले होते. रानातून परतून सगळे काळ्या ओठांनी अंगणात बसलेले. त्यांना गंमत झाली. मी एका कडेला उभी राहिले, लग्नातलं चांगलं पातळ नेसून. होय, मी नटून आले होते. आक्का घरातून उशिरा आली. मी तिच्याकडं बघितलं. अंगावर माझं हिरवं पातळ. पिवळी रेघ काळी पडलेली, पदराला शेणाचे डाग, वर्षभराचा आंबूस वास इतका की मला इथं उभ्या जागी आला.

दावं सोडलं. बारकी अंगणात मध्ये येऊन थांबली. मी हाक मारली. आक्कानं हाक मारली नाही. तिनं फक्त पदर थोडा झटकला आणि तेच शब्द म्हटले, मी शिकवलेले, हळू आवाजात. "सोड गं माय, सोड." आणि माझी बारकी सरळ तिच्याकडं गेली आणि तिच्या कुशीत तोंड घातलं.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ओरडले, "अहो, ते पातळ माझंय! माझा वास हाय त्याला!" आक्का शांतपणे म्हणाली, "तूच दिल्तं ना?" मी आमच्या यांच्याकडं बघितलं. त्यांना ते पातळ चांगलं ठाऊक होतं. बापूंनी घेतलं तेव्हा रंग यांनीच पसंत केला होता. मी म्हटलं, सांगा ना तुम्ही. ते खाली बघून हातावरचा कोंडा झटकत राहिले. मग म्हणाले, "जाऊ दे ना सुमन. एका गायीपायी घर मोडायचं का?"

केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते असं असतं. जखम दिसतच नाही. कुणाला दाखवायला गेलं तर लोक म्हणतात, कुठं काय झालंय? जावेनं तिला दिलेलं पातळ नेसलं, नवऱ्यानं भांडण टाळलं, मामंजींनी न्याय केला, गाय आपल्या पायांनी गेली. प्रत्येकाचं बरोबर. मग मीच तेवढी रडकी.

पुढं त्याच अंगणात मी राहिले. माझी चूल पूर्वेला, आक्काची पश्चिमेला, गोठा तिच्या बाजूला. आणि एक दिवस पाहुणे आले, घरात ताक नाही, म्हणून मी तांब्या घेऊन आक्काच्या दाराशी गेले. माझ्याच गायीचं ताक मागायला. काय हाक मारावी ते कळेना. तशीच उभी राहिले. तिनं बघितलं, तांब्या काठोकाठ भरून दिला, वर लोण्याचा गोळाही घातला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या महिन्यात मी यांच्यामागं लागले की जालन्याला चला, डाळ मिलमध्ये काम बघा, कुठंही चला. लोकांना वाटलं धाकलीला शहराची हौस.

जालन्याला मी एक समजूत करून घेतली आणि तिच्यावर बरीच वर्षं काढली. बारकीनं मला फसवलं नाही. तिला तर वाटलं ती माझ्याकडंच गेली. वास माझा, शब्द माझे. ती रोज सकाळी पान्हा सोडते तो मलाच सोडते, मध्ये आक्का बसली आहे ते तिला बिचारीला कुठं माहीत? ही समजूत मी भाकर थापताना, रेशनच्या रांगेत, कुठंही काढायची आणि मला बरं वाटायचं. कधीतरी ते पातळ फाटेल, मग आक्काची फजिती होईल, आणि बारकी मला शोधेल. हसू नका. माणूस कशावरही जगतो.

आणि खरंच ते फाटलं. मुलगा तेव्हा दुसरीत. पौषातली थंडी, आणि दारात आक्का उभी. फडक्यात हुरडा बांधून आणलेला, गावाकडचा, धुराचा. चहा घेतला, इकडंतिकडचं बोलली, आणि मग मान खाली घालून म्हणाली, "सुमे, बारकी व्याली. पन हात लावू देईना. ते पातळ नेसायच्या लायकीचं राह्यलं न्हाई, पार चिंध्या झाल्या. दुसरं नेसून बसलं की लाथ मारती. वासरू उपाशी न्हाई, पण कास भरून दुखून राह्यली तिची." चहाचा कप बाजूला सरकवला. "तुझं एखादं जुनं पातळ दे ना. न धुतलेलं."

सात वर्षं मी ज्याची वाट बघितली ते माझ्या उंबऱ्यात येऊन बसलं होतं. मला इतका आनंद झाला की राग करायचंच विसरले. मी म्हटलं, "पातळ कशाला? मीच येते."

तिच्याबरोबरच भोकरदनच्या एसटीत बसले. अंगावरचं सुती पातळ मुद्दाम बदललं नाही. रस्त्यानं दोन्हीकडं ज्वारी उभी, मधूनच कुठंतरी हुरड्याचा धूर. आक्का काहीबाही बोलत होती, माझं लक्ष नव्हतं. मी मनात ते शब्द म्हणून बघत होते, आवाज बसला तर नाही ना म्हणून.

पोचलो तेव्हा धारेची वेळ झालेली. बारकी म्हातारी दिसत होती, पाठीचा कणा वर आलेला. गोठा तोच, गव्हाण तीच. मी वहाणा काढून आत गेले. ती तशीच रवंथ करत उभी. मी तिच्या पोटाला डोकं टेकवलं, गरम होतं, पूर्वीसारखंच, आणि म्हटलं, "सोड गं माय, सोड."

तिचं रवंथ थांबलं. कान टवकारले. माझा आवाज तिनं ओळखला, शप्पथ सांगते, ओळखला. तिनं मान वळवली, माझ्या खांद्यावरून वळवली, आणि भिंतीकडं बघितलं. तिथं खुंटीला त्या हिरव्या पातळाची चिंधी टांगलेली होती. ती चिंधीकडंच बघत राहिली आणि हळूच हंबरली.

मी कासेला हात लावला तर लाथ.

आक्का आत आली. बारकीची नजर बघून तिला आत्ताच सुचलं असावं, खुंटीवरची चिंधी काढली, खांद्यावर टाकली, आणि मी उठले त्या जागी बसली. तिनंही तेच शब्द म्हटले. बारकीनं चिंधी हुंगली, आणि चरवीच्या बुडात धार वाजली.

मी अंगणात येऊन वहाणा घातल्या. शेवटची एसटी निघायला अजून अवकाश होता, पण मला थांबायचं नव्हतं. आतून आक्कानं विचारलं, "सुमे, चालली? अन् पातळ देणार होतीस ना?"

मी म्हटलं, "राहू द्या आक्का. तिला चिंधी पुरते."